निरोगी बाई पाहिजे

सुरतच्या दवाखान्यातून निघताना डॉ. निशा वळवींनी रूथला थांबवलं आणि म्हणाल्या, "रूथताई, पुढच्या वेळी येताना एक निरोगी बाई घेऊन या."

रूथला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय घेऊन येऊ?"

"निरोगी बाई. तुमच्याच भागातली. वय तुमच्याएवढं, त्रेचाळीसच्या आसपास. नात्यातली नको. साखर, थायरॉइड, मेंदूचा काही आजार, यातलं काही नको. थोडं रक्त घेऊ, चालायची आणि हाताची चाचणी करू, बस."

रूथचा नवरा इमॅन्युएल रिपोर्टची पिशवी सांभाळत बाजूला उभा होता. तो म्हणाला, "एवढंच ना? नवापूर तालुक्यात हव्या तेवढ्या मिळतील."

पण ते सोपं नव्हतं.

रूथ गावित नवापूरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. साडेचार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या पायातली चप्पल आपोआप निसटू लागली, आणि निसटली हे तिला कळायचंही नाही. मागून कोणीतरी पोर ओरडायचं, "बाई, चप्पल!" मग पाय ओढायला लागला. हाडांचे डॉक्टर झाले, मणक्याचे झाले, जीवनसत्त्वांची इंजेक्शनं झाली. शेवटी सुरतला एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढून तपासलं आणि नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा आजार. तोही झटके देणारा, पुन्हा ओसरणारा प्रकार नव्हे. तिचा गाजावाजा न करता हळूहळू वाढत जाणारा होता. किती वेगाने वाढेल हे तेव्हा कोणी सांगू शकलं नव्हतं. या प्रकारात एमआरआयवर वर्षभर नवा डाग दिसत नाही, आणि तरी पाय मात्र जड होत जातो.

म्हणूनच डॉ. निशांनी हा अभ्यास सुरू केला होता. त्यांनी रूथला समजावून सांगितलं होतं. मज्जातंतूच्या आत सांगाड्यासारखं एक प्रथिन असतं. तंतू तुटला की त्याचे तुकडे बाहेर पडतात आणि अगदी किंचित रक्तात उतरतात. मेंदूत तंतूंना आधार देणाऱ्या पेशी असतात, त्यांचंही एक प्रथिन असंच उतरतं. दर सहा महिन्यांनी ही दोन्ही मोजायची आणि बघायचं, पायाला कळायच्या आधी रक्ताला कळतं का. वयाबरोबर ही प्रथिनं निरोगी माणसातही वाढतात. त्यामुळे प्रत्येक आजारी माणसामागे त्याच भागातलं, त्याच वयाचं एक धडधाकट माणूस हवं होतं. "तुमच्याकडच्या बायकांचे आकडे आजवर कोणी मोजलेच नाहीत हो," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी चर्चमध्ये जाहीर केलं, "आपल्या रूथबाईंना तपासणीसाठी एक निरोगी बाई पाहिजे. वय त्रेचाळीस. इच्छुकांनी भेटावं."

बाहेर पडवीत बायकांचा घोळका जमला. सगळ्यात पुढे पारुबाई. तिची नातवंडं रूथच्या वर्गात होती.

"मला ने. मी एकदम ठणठणीत आहे."

"पारुबाई, वय किती तुमचं?"

"तुला किती पाहिजे?"

आधार कार्डं निघाली. निम्म्या बायकांचा जन्म एक जूनचा होता, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकच तारीख वाटली होती. खरं वय कोणालाच माहीत नव्हतं. ज्या दोघींना माहीत होतं त्यांतल्या एकीला साखर निघाली, दुसरीला थायरॉइड. एक अगदी मापात बसली, पण ती रूथची मावसबहीण. आणखी एक बसली, पण सुईचं नाव काढताच तिला घरी चुलीवर दूध ठेवल्याचं आठवलं.

घरी येताना इमॅन्युएल म्हणाला, "एवढ्या मोठ्या तालुक्यात एक धड बाई सापडेना."

"बघ, आणि तुम्ही सगळे मलाच आजारी म्हणता," रूथ म्हणाली, आणि दोघंही रस्त्यात हसत उभे राहिले.

जेवताना इमॅन्युएलने हळूच विषय काढला. "गायत्रीला विचारलंस का?"

रूथ भाकरी मोडत राहिली.

गायत्री पाटील प्रकाशा गावची. नंदुरबारला डी.एड.ला दोघी एका खोलीत राहायच्या. रूथ झोपेत मावची बोलायची आणि गायत्री जागेपणी अहिराणी, त्यावरून दोघी एकमेकींची थट्टा करायच्या. कॉलेजच्या रिले शर्यतीत गायत्री तिसरी पळायची आणि रूथ शेवटची. पुढे गायत्री प्रकाशालाच हायस्कूलमध्ये खेळाची शिक्षिका झाली. फोन, लग्नं, बारशी, सगळं चालू होतं. आजार कळल्यापासून मात्र रूथने तिला भेटायचं टाळलं होतं. गायत्री येते म्हणाली की घरी पाहुणे असायचे, नाहीतर शाळेत तपासणी. आपल्याला पळताना पाहिलेल्या माणसासमोर काठी टेकत जायचं तिच्या जिवावर आलं होतं. वाढदिवसाला मोबाइलवर केकचं चित्र पाठवलं की तिचं काम झालं.

त्या संध्याकाळी तिने फोन लावला.

"अव रूथ! जित्ती शे का तू?" पलीकडून आरोळी आली. "कोठे व्हती इतला वरीस?"

रूथने सगळं सांगितलं. पाय, काठी, आजाराचं नाव, आणि शेवटी कशासाठी फोन केला ते.  

गायत्रीचा आवाज आला, थोडा बसलेला. "मन्हं रगत ली ले. कितलं पाहिजे तितलं. गाडी कोणती पकडू ते सांग."

गायत्री नंदुरबारला गाडीत बसली आणि रूथ व इमॅन्युएल नवापूरला चढले. गाडी थांबायच्या आधीच गायत्री दारात लटकून हाका मारत होती. तिने रूथला हाताला धरून वर घेतलं, खिडकीची जागा दिली आणि मांडीवर एक भलीमोठी पपई ठेवली. मग काठीकडे बघितलं. रूथ वाट बघत होती, आता ही रडणार.

"काठी चांगली शे," गायत्री म्हणाली. "पण रंग कसला घेतलास? राखाडी! लाल मिळत नव्हती का?"

व्यारा स्टेशन येईपर्यंत पपई संपली होती आणि इमॅन्युएल दुसऱ्या डब्यात झोपायला निघून गेला होता.

दवाखान्यात डॉ. निशांनी गायत्रीला समोर बसवून प्रश्न विचारले. रक्तदाब? नाही. साखर? नाही. फीट? नाही. गेल्या काही महिन्यांत डोक्याला मार वगैरे?

"अजिबात नाही," गायत्री म्हणाली.

मग रक्त घेतलं. नळ्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात गेल्या, वरचं पिवळसर पाणी छोट्या कुप्यांत भरून फ्रीजरमध्ये गेलं. त्यानंतर चालायची चाचणी. जमिनीवर दोन पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत शक्य तितक्या झपझप चालायचं. रूथ काठी टेकत गेली. गायत्रीची पाळी आली तशी तिने पदर खोचला आणि ती सुसाट सुटली.

"ताई, चालायचंय! पळायचं नाही!" तंत्रज्ञ मुलगी ओरडली.

हाताच्या चाचणीत मात्र उलटं झालं. एका पाटीत नऊ भोकं होती आणि वाटीत नऊ काड्या. एकेक काडी भोकात बसवायची आणि परत काढायची. रूथचे हात अजून पूर्वीसारखेच होते. तिने भराभर काड्या लावल्या. गायत्रीच्या दोन काड्या खाली पडल्या, एक टेबलाखाली गेली.

"ह्या काड्या वाकड्या आहेत," गायत्री म्हणाली.

"माझ्या सरळ होत्या वाटतं?" रूथ म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती कशात तरी जिंकली होती, आणि ते तिने स्टेशनवर लोचो खाताना इमॅन्युएलला दोनदा सांगितलं.

भात कापणीला आला तेव्हा एका संध्याकाळी रूथचा फोन वाजला. गायत्रीचा नवरा राजेंद्र होता.

"रूथताई, तिने तुम्हाला काही सांगितलं का? सुरतहून डॉक्टरांचा फोन आला होता. रक्तातलं एक प्रथिन जास्त आलंय म्हणे. परत बोलावलंय. ती जात नाही, जेवत नाही नीट, कोणाशी बोलत नाही. शाळेतून येते आणि झोपाळ्यावर बसून राहते."

रूथने लगेच गायत्रीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

तिने डॉ. निशांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांचे आकडे मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण मैत्रीण म्हणून त्यांना माझ्याकडे आणता आलं तर आणा. घाबरून घरी बसण्यासारखं काही आहे असं मी म्हटलेलं नाही."

रूथला झोपाळ्यावरची गायत्री डोळ्यांपुढे दिसत होती. एमआरआयच्या निकालाआधी ती स्वतः तशीच बसली होती, आणि त्या वेळी कोणी आत आलेलं तिला नको होतं, आणि कोणी यावं असंही फार वाटत होतं.

"मी उद्या प्रकाशाला जाते," ती म्हणाली.

इमॅन्युएलच्या शेतात मजूर लावलेले होते. "परवा जाऊ. मी येतो बरोबर."

"तू कापणी बघ. मी एकटी जाते."

गेली दोन वर्षं ती एकटी गावाबाहेर गेली नव्हती. इमॅन्युएलने तिच्याकडे बघितलं आणि फक्त म्हणाला, "पाण्याची बाटली घे."

नंदुरबारपर्यंत गाडीने ती सहज गेली. खरी भीती होती पुढे प्रकाशावरून जाणाऱ्या शहाद्याच्या एसटीची. पायरी उंच, मागून लोकांचा रेटा. तिने दाराशी उभं राहून कंडक्टरला मोठ्याने सांगितलं, "मला चढायला वेळ लागतो."

"मग लागू द्या ना," कंडक्टर म्हणाला. त्याने मागच्यांना हाताने थोपवलं, कोणा एका बाईने कोपराला आधार दिला आणि रूथ आत होती. दोन वर्षं ज्याला घाबरून ती घरी बसली होती, ते दोन जणांनी क्षणात उरकलं. तिला स्वतःचा जरा रागच आला.

प्रकाशाला उतरून ती विचारत विचारत घरापाशी पोचली. गायत्री झोपाळ्यावर होती. दारात रूथला बघून ती उठलीच नाही, नुसती बघत राहिली.

"तू कसाले उनी? आणि एकटी?"

"तू फोन घेत नाहीस म्हणून."

रूथ तिच्या शेजारी बसली. झोपाळा कुरकुरला. गायत्रीचे डोळे भरून आले.

"माले पण व्हयनं वाटतं," ती पुटपुटली. "तुला झालं तेच. मॅडम म्हणाल्या, जास्त आलंय. तुझ्याहूनही जास्त असेल. डोकं दुखतं माझं. परवा वर्गात एका पोरीचं नाव आठवेना."

"डोकं कधीपासून दुखतं?"

गायत्रीने पायाने झोपाळ्याला झोका दिला.

"गायत्री, कधीपासून?"

"आपण सुरतला गेलो त्याच्या थोडं आधीपासून."

"आधी काय झालं होतं?"

गायत्रीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग एका दमात सांगून टाकलं. सुरतला जायच्या आठवडाभर आधी शाळेत कबड्डीचा सामना ठेवला होता, शिक्षिका विरुद्ध दहावीच्या मुली. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं की चाळिशीच्या वरच्यांनी खेळायचं नाही. गायत्री खेळली. चढाईला गेली, एका पोरीने घोटा धरला, ती आडवी पडली आणि दुसरीचा गुडघा येऊन कानशिलावर बसला.

"क्षणभर सगळं काळं झालं. मग उठले."

"आणि?"

"आणि पुन्हा चढाईला गेले. एक गडी बाद केला."

"आणि डॉक्टरांनी विचारलं, डोक्याला मार लागलाय का, तेव्हा?"

"तेव्हा कशी सांगू व?" गायत्री आता खरंच रडायला लागली. "तुला अख्ख्या तालुक्यात एक बाई मिळाली नव्हती. मी निरोगी म्हणून आले होते. त्यांनी मलाही बाद केलं असतं, मग तू कोणाला नेली असतीस?"

 रूथला हसू फुटलं. आवरायला गेली तसं जास्तच आलं. काठी हातातून सुटून फरशीवर आपटली. गायत्री आधी रागावली, मग रडता रडता तीही हसायला लागली. स्वयंपाकघरातून राजेंद्र धावत बाहेर आला तेव्हा दोघी झोपाळ्याच्या साखळ्या धरून गदगदत होत्या.

"फोन लाव मॅडमना," रूथ म्हणाली. "आत्ता."

डॉ. निशांनी सगळं ऐकून घेतलं. सुरुवातीला त्यांचा आवाज चांगलाच चढला. "डोक्याला मार लागून शुद्ध गेली आणि तुम्ही परत खेळलात? आणि मला खोटं सांगितलंत?" मग त्या शांत झाल्या. हे प्रथिन एकाच आजाराचं नसतं, त्यांनी समजावलं. मज्जातंतूला कुठूनही इजा झाली तरी ते वाढतं, डोक्याला असा धक्का बसल्यावरही. ते आठवडाभराने चढतं आणि काही महिन्यांत उतरतं. "बहुतेक तेच असणार. पण बहुतेकवर मी सोडणार नाही. परवा या. एमआरआय करू. आणि डोकं पूर्ण बरं होईपर्यंत कबड्डी बंद."

"कायमची?" गायत्रीने विचारलं.

फोन बंद झाला होता.

एमआरआय स्वच्छ आला. डोकेदुखी डिसेंबरात थांबली. होळीच्या आधी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा तिचं प्रथिन त्या वयाच्या बाईचं असावं तेवढ्यावर उतरलं होतं. डॉक्टरांनी पहिला नमुना बाजूला काढला आणि हा नवा हिशोबात धरला. गायत्रीने ही बातमी रूथला फोनवर एवढ्या मोठ्याने सांगितली की पलीकडच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घालणाऱ्या पारुबाईलाही ऐकू आली.

वर्ष पूर्ण झालं की डॉ. निशांनी रूथला तिचे आकडे दाखवायचं कबूल केलं होतं. त्या दिवशी रूथने गायत्रीलाही आत बसवून घेतलं. इमॅन्युएल भिंतीला टेकून उभा होता.

"तंतू तुटल्यावर उतरतं ते प्रथिन वर्षभर जवळजवळ तसंच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आधार देणाऱ्या पेशींचं थोडं वाढलंय. हात तसेच आहेत. चालायला गेल्या वर्षीपेक्षा जरा जास्त वेळ लागतो, ते तुम्हालाही जाणवलं असेल."

"हो," रूथ म्हणाली. "मग हे चांगलं की वाईट?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमच्या एकटीचं पुढचं मी या आकड्यांवरून आज सांगितलं, तर ती थाप होईल. खूप जणांचे आकडे जमले की काहीतरी आकार दिसतो. आत्ता कुठे तो दिसायला लागलाय. पुढे कदाचित असं होईल की औषध लागू पडतंय का, हे कळायला वर्षानुवर्षं पाय जड होण्याची वाट बघावी लागणार नाही. तोवर आपण मोजत राहू, आणि व्यायाम सोडायचा नाही."

रूथने वर्षभर या दिवसाची धास्ती घेतली होती. तिला वाटलं होतं, आज निकाल लागणार. निकाल लागला नव्हता. समोरची शहाणी बाई सरळ सांगत होती की अजून माहीत नाही, आणि ते शोधण्यात तिला रूथची मदत हवी होती. रूथला एकदम भूक लागली.

"अडचण एवढीच," डॉक्टर पुढे म्हणाल्या, "पेशंट येतात. निरोगी माणसंच कमी पडतात. कोणाला वेळ नसतो."

गायत्री खुर्चीत पुढे सरकली. "किती पाहिजेत?"

"मिळतील तेवढी."

पुढच्या खेपेला रूथ एकटीच नवापूरच्या फलाटावर उभी होती. इमॅन्युएलला तिने घरीच ठेवलं होतं. हातात नवी लाल काठी होती. गाडी आली आणि एका डब्याच्या तीन खिडक्यांतून बायकांचे हात बाहेर आले. गायत्रीने हायस्कूलमधल्या दोन शिक्षिका आणल्या होत्या, अंगणवाडी सेविका आणली होती, एक भजनी मंडळवाली आणि दोन सख्ख्या जावा. सगळ्यांचे ग्रामपंचायतीतले जन्माचे दाखले तिने आधीच तपासले होते, आणि डोक्याचं तर प्रत्येकीला शपथ घालून विचारलं होतं.

डब्यात मिरचीची भजी फिरली. एका जावेने हळूच रूथला विचारलं, "ताई, सुई फार दुखते का?"

"मुंगीएवढी," रूथ म्हणाली. "पण त्या काड्यांची चाचणी असते ना, तिथे लक्ष द्या. त्यात सगळे घसरतात." आणि बारडोली जाईपर्यंत ती त्यांना शेंगदाणे आणि बाटलीचं झाकण घेऊन काड्या कशा उचलायच्या ते शिकवत राहिली. गायत्रीने तीनदा करून पाहिलं आणि तीनदा शेंगदाणा खाऊन टाकला.

दवाखान्याच्या बाकांवर बायका ओळीने बसल्या. गलका एवढा झाला की नवी नर्स दार उघडून बाहेर आली. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"यांत पेशंट कोण आहे?"

रूथने हात वर केला. "मी. बाकीच्या माझ्याबरोबर आल्यात."

"एवढ्या सगळ्या?"

"अजून दोघी खाली चहा पिताहेत," रूथ म्हणाली आणि काठी घेऊन आधी स्वतः आत गेली.